नानांचं १५८/७२ आणि सागरचं १४६/९६: वयानं आणि पोटानं रक्तवाहिन्यांचं काय होतं, घरी कसं ओळखायचं आणि काय करायचं

मागच्या पावसाळ्यात नाना म्हणजे माझे वडील, वय ७१, पिंपळगावच्या मळ्यातून आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला चार दिवस राहायला आले होते, त्यांना सोडायला धाकटा भाऊ सागरपण आलेला, वय ४३. संध्याकाळी मशीन काढलं आणि दोघांचंही बीपी घेतलं. नानांचं १५८/७२. सागरचं १४६/९६. नाना म्हणाले, "माझं खालचं बहात्तरच आहे, एकदम झकास, आणि वरचं तर वय अधिक शंभर असतंच." सागर म्हणाला, ताई मी आत्ताच जिना चढून आलो म्हणून वाढलंय.

मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते, डॉक्टर नाही. पण हे दोन आकडे बघून मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण एकाच घरातली दोन माणसं आणि दोन वेगळे बिघाड समोर दिसत होते, एक वयाचा आणि एक पोटाचा. ते दोघांना ज्या भाषेत समजावलं त्याच भाषेत इथं लिहितेय, कारण "वय अधिक शंभर" हा हिशोब अजून घराघरात चालतो आणि तो चुकीचा आहे.

आधी नानांचं. नानांना मी मळ्यातल्या ड्रिपच्या नळीवरून, म्हणजे लॅटरलवरून, सांगितलं. नवीन लॅटरल कशी वाकते, दाबली की परत फुगते, आणि दहा उन्हाळे खाल्लेली लॅटरल कडक होते, वाकवली की तडकते. धमनीचं असंच होतं पण कारण वेगळं. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त बाहेर फेकतं, दिवसाला अंदाजे १ लाख ठोके. हृदयातून निघणारी मोठी महाधमनी प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते, ते रक्त पोटात घेते आणि दोन ठोक्यांच्या मधे आवळून पुढे ढकलते, म्हणून हृदय थांबलेल्या क्षणालाही रक्त वाहत राहतं आणि खालचा आकडा टिकून राहतो. हे फुगणं-आवळणं करणारा धागा म्हणजे इलास्टिन. हा धागा आपल्या शरीरात मुख्यतः आईच्या पोटात आणि लहानपणी विणला जातो, मोठेपणी नवीन जवळजवळ बनतच नाही, मग तोच धागा पन्नास-साठ वर्षं ताणून ताणून तुटायला लागतो आणि सगळा ताण कोलॅजन नावाच्या दुसऱ्या धाग्यावर येतो जो मुळातच ताठ असतो. त्यात भिंतीत कॅल्शियम बसतं. भिंत जाड होते, धमनी थोडी रुंदावते आणि लवचिकपणा जातो.

आता ही ताठ नळी रक्त पोटात घेऊ शकत नाही म्हणून ठोक्याला दाब एकदम वर जातो, आणि मधल्या वेळेत ढकलायला काही उरलेलं नसतं म्हणून खालचा आकडा पडतो. म्हणजे नानांचं ७२ ही चांगली बातमी नव्हतीच. वरच्यातून खालचं वजा करा, १५८ वजा ७२ म्हणजे ८६. तरुण माणसात हे अंतर ४० च्या आसपास असतं, म्हातारपणी ६० च्या वर गेलं की समजायचं मोठ्या धमन्या ताठ झाल्यात. हे अंतर कुणी बघतच नाही, मला विचाराल तर साठीच्या पुढच्या माणसाच्या बीपीमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना रक्त मुख्यतः ठोक्यांच्या मधल्या वेळेत मिळतं, म्हणजे वरचं वाढलं की हृदयाला काम जास्त आणि खालचं पडलं की त्याला स्वतःला रक्त कमी. आणि जो धक्का महाधमनीनं गिळायला हवा होता तो सरळ पुढे मेंदूच्या आणि किडनीच्या बारीक वाहिन्यांपर्यंत जातो, कारण ह्या दोन अवयवांत रक्त कायम मोठ्या प्रमाणात आणि फारसा अडथळा न होता वाहत असतं, तिथं तो धक्का अडवायला कुणी नाही.

ठोक्याची लाट धमनीतून किती वेगात पळते तेही मोजता येतं, तरुणपणी सेकंदाला ५-६ मीटर, आणि १० मीटरच्या वर गेली की डॉक्टर लोक धोका धरतात. जितकी नळी ताठ तितकी लाट जोरात पळते.

अजून एक गैरसमज इथंच काढते. नाना म्हणाले अँजिओग्राफीत ब्लॉकेज नव्हतं ना. बरोबर आहे, पण अँजिओग्राफी नळी आतून किती अरुंद झाली ते दाखवते, भिंत किती कडक झाली ते नाही. ब्लॉकेज आणि ताठरपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत, बऱ्याचदा हातात हात घालून येतात पण एक नाही म्हणून दुसरं नाही असं नसतं.

आता सागर. त्याचे दोन्ही आकडे वाढलेले, अंतर फक्त ५०. त्याच्या महाधमनीचा धागा अजून शाबूत असावा, पण पोट १०४ सेंटीमीटर. पोटाची चरबी म्हणजे नुसता साठा नाही, गोदामात पोती पडलीत असं समजू नका. आतड्याभोवती आणि लिव्हरमधे साठलेली ही चरबी रक्तात सारखी रसायनं सोडते, काही सूज वाढवणारी, काही रक्तवाहिन्या आवळणारं हार्मोन बनवायला कच्चा माल पुरवणारी, आणि लेप्टिन नावाचं एक जे शरीराची धावपळवाली नस चेतवून ठेवतं. किडनी मीठ धरून ठेवते. शरीर मोठं म्हणून रक्तही जास्त आणि हृदयाला पंपही जास्त करावं लागतं. म्हणून तरुण जाड माणसात बऱ्याचदा खालचाही आकडा वर जातो.

पण खरी मोडतोड होते आतल्या अस्तरात. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा फक्त एकच थर असतो, एंडोथेलियम म्हणतात त्याला. रक्त त्यावरून घासत गेलं की ह्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात आणि वाहिनी सैल होते. एक साधा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद ह्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. हा वायू गुठळ्या होऊ देत नाही, अस्तराला काही चिकटू देत नाही. इन्सुलिनसुद्धा एरवी हा वायू सोडायला मदत करतं, पण पोट वाढलं की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि ही मदत आटते, वरून सुजेमुळे तयार होणारे ऑक्सिजनचे तिखट कण बनलेला वायूही खाऊन टाकतात.

एक गोष्ट मला स्वतःला वाचताना थक्क करून गेली. बहुतेक धमन्यांच्या बाहेरच्या बाजूला चरबीचा एक पातळ अंगरखा असतो आणि निरोगी माणसात हा अंगरखा धमनीला सैल व्हायला मदतच करतो. माणूस जाड झाला की हीच चरबी फुगते, तिला ऑक्सिजन पुरत नाही, ती सुजते आणि उलटी फिरते, ज्या धमनीला जपायची तिलाच बाहेरून त्रास द्यायला लागते. म्हणजे आतून अस्तर आणि बाहेरून अंगरखा, दोन्हीकडून मार.

वय मधल्या भिंतीवर जातं, पोट आधी अस्तरावर जातं, आणि दोन्ही एका माणसात भेटले की एकमेकांना वाढवतात. सागरला मी हेच सांगितलं की तू आत्ता आहेस तिथून नानांच्या वयाला गेलास तर नानांपेक्षा वाईट धमन्या घेऊन जाशील. लठ्ठ लहान मुलांच्या धमन्यांतही हे बदल सापडलेत, म्हणजे चाळिशीची वाट बघायला नको.

आणि बारीक लोकांनी निर्धास्त होऊ नये. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचा शेजारी शेजारी फोटो २००४ मधे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन सरांची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२ टक्के. आपल्या लोकांत हातपाय काडी आणि चरबी आत, हे कॉमन आहे. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात.

आता मोजायचं कसं ते नीट सांगते.

पोटाचा घेर पँटच्या साइजवरून ठरवू नका, पँट पोटाच्या खाली सरकते आणि साइज वर्षानुवर्षं तीच राहते, सागर अजून ३४ घालतो. शिवणकामाची टेप घ्या, सरळ उभं राहा, कपडा बाजूला करा, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक ह्यांच्या बरोबर मधे टेप आडवी गुंडाळा, पोट आत न ओढता श्वास सोडून मग वाचा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही आपल्यासाठीची सीमा. सेंटीमीटर लक्षात राहत नसेल तर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा एवढं धरा. नानांची उंची १६५, घेर ९३. काटकुळे दिसतात पण घेर जास्तच निघाला.

बीपी. वरच्या दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटवाली नको. दंड जाड असेल तर मोठा कफ वेगळा मिळतो, कफवर किती सेंटीमीटरच्या दंडाला तो छापलेलं असतं, टेपनं दंड मोजून बघा, कारण लहान कफ जाड दंडावर आकडा खोटा वाढवून दाखवतो. सागरला पहिल्यांदा साध्या कफनं घेतलं होतं, नंतर मोठ्या कफनं १४६ चं १४० आलं, तरीही जास्तच. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना काही नाही, लघवीला जाऊन या, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नको, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, आणि हे घरात सगळ्यात अवघड जातं. कफ उघड्या दंडावर, आम्ही एका ठिकाणी नानांना नेलं तर स्वेटरवरूनच बांधला होता, तो आकडा मी वहीत लिहिलाच नाही. पहिल्या दिवशी दोन्ही हातांना घ्या, जास्त येईल तो हात कायमचा धरा, आणि दोन हातांत वरच्या आकड्यात १५ हून जास्त फरक सतत येत असेल तर डॉक्टरांना सांगाच.

मग सात दिवस, सकाळी गोळी आणि नाष्ट्याच्या आधी, रात्री झोपायच्या आधी, दरवेळी एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्याची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे. वहीत तिसरा रकाना करा, वजाबाकीचा.

साठीच्या पुढच्यांना अजून एक करा. बसून घेतलं की उभं करा आणि एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत घ्या. ताठ धमन्या पटकन जुळवून घेत नाहीत, उठल्यावर वरचा आकडा २० नं पडत असेल तर सांभाळा, म्हातारी माणसं पहाटे बाथरूमला जाताना पडतात ते ह्यामुळेही असू शकतं. कुणीतरी धरायला उभं राहा मोजताना.

मशीनशिवायच्या खुणा: ठराविक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं, हे गुडघ्याचं दुखणं नाही, पायाच्या धमनीचं असू शकतं. घोरणं, मधेच श्वास अडकणं आणि दिवसा पेंगणं, जाड माणसात हे खूप असतं आणि रात्रभर दाब वर ठेवतं. पुरुषांना लैंगिक ताठरता कमी झाली असेल तर लाजू नका, तिथल्या धमन्या बारीक असतात म्हणून बिघाड बऱ्याचदा तिथं आधी दिसतो आणि हृदयाचं काही वर्षांनी. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात गळणं, छातीत दाबल्यासारखं होणं, ह्याला वही नको, लगेच १०८.

आता करायचं काय. तुटलेलं इलास्टिन परत विणता येत नाही आणि बसलेलं कॅल्शियम निघत नाही, हे आधीच मान्य करा. पण अस्तर जिवंत आहे, ते काही आठवड्यांत प्रतिसाद देतं. ड्रिपची नळी आणि धमनी ह्यात हाच फरक, नळी मेलेली असते.

चालणं पहिलं, कारण रक्त घासत गेलं की अस्तर तो वायू सोडतं, आणि रोज घासलं की तो बनवायची ताकदही वाढते. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगानं. नाना पहिल्या महिन्यात जेवण झालं की फक्त दहा मिनिटं अंगणात फिरले, मग पंधरा. नाशिकात असतील तेव्हा आम्ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला जातो, मऊ जमीन आहे, सकाळी गोल्फ क्लबचं मैदानही चांगलं, संध्याकाळी गोदापार्क. पांडवलेणीच्या पायऱ्या पहिल्याच रविवारी चढू नका, सागरनं तेच केलं आणि आठ दिवस गुडघा धरून बसला. दोन महिने सपाटावर चालून मग जा. आठवड्यातून दोनदा ताकदीचं काहीतरी, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दंड. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, त्यानं दाब उसळतो.

वजन एकदम उतरवायच्या मागे लागू नका. ५ ते १० टक्के उतरलं तरी अस्तरात फरक पडतो, आणि एक किलोला वरचा आकडा साधारण एकनं उतरतो. सागर ९२ किलो, त्याला मी फक्त ६ किलो सांगितले. नानांच्या वयात उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून त्यांना कमी नाही, बदलून खायला सांगितलं: भाकरी एक कमी, उसळ वाटीभर जास्त, ताक, अंडं.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक सपाट छोटा चमचा. आता आपल्या नाशिकचा रविवार बघा, मिसळ, वर फरसाण, सोबत पापड, पाव, परत तर्री. भाजीतलं मीठ कमी करून उपयोग नाही जर पापड, लोणचं, फरसाण आणि चिवड्याचा डबा उघडाच असेल. मिसळ बंद करा असं मी म्हणणार नाही, नाशिककरानं कसं म्हणावं, पण महिन्यातून एकदा, पापड न घेता, तर्री एकदाच. पालक, मेथी, बीट हे रोज काहीतरी ठेवा, त्यातल्या नायट्रेटपासून शरीर तोच नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याची पहिली पायरी तोंडातले जंतू करतात, म्हणून जंतुनाशक माउथवॉश कारण नसताना रोज वापरू नका. भाजी उकडलेलं पाणी फेकू नका. किडनीचा त्रास असेल तर पालेभाजी आणि कमी सोडियमवालं मीठ दोन्ही डॉक्टरांना विचारून, त्यात पोटॅशियम असतं.

आणि वाइन. आपल्याकडे द्राक्षं आपली, वायनरी शेजारी, म्हणून "रेड वाइन हार्टला चांगली" हे पाहुण्यांपासून मळ्यातल्या माणसापर्यंत सगळे म्हणतात. बीपी वाढलेल्या माणसानं औषध म्हणून वाइन सुरू करू नये, दारूनं दाब वाढतो, मग ती द्राक्षाची असली तरी. द्राक्षं खा, शुगर नसेल तर वाटीभर. तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद, निकोटिन शरीरात गेलं की धमन्या आवळतातच, ओढा नाहीतर दाताला लावा.

गोळीबद्दल. नानांना भीती होती की खालचं आधीच ७२, गोळीनं अजून पडेल. ही शंका डॉक्टरांना विचारण्यासारखीच आहे आणि आम्ही विचारली, त्यांनी कमी डोसनं सुरू करून उभं राहिल्यावरचं बीपीही बघितलं. पण "या वयात वरचं चालतं" म्हणून सोडून देणं धोक्याचं आहे. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या ४७०० हून जास्त लोकांचा अभ्यास झाला, सगळ्यांचं नानांसारखंच, वरचं वाढलेलं आणि खालचं नॉर्मल, आणि १९९१ मधे निकाल आला की वरचं औषधानं उतरवलेल्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. आकडा सुधारला म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, तो गोळीमुळेच सुधारलेला असतो.

आता आठ महिने झालेत. नाना एक छोटी गोळी आणि चालण्यावर १३६/७० ला आहेत, अंतर ६६, घेर ८९. अंतर ४० वर येणार नाही, मी त्यांना तसं सांगितलंय. सागर साडेचार किलो उतरला, घेर ९८, घरची सरासरी १३३/८७, खालचं अजून हट्टी आहे, आणि घोरणं तपासायला जायचं तो छाटणी झाल्यावर छाटणी झाल्यावर करत टाळतोय. काल नानांचा फोन आला, मशीन त्यांच्याकडेच असतं आता, वहीत त्यांनी मळ्यावर कामाला येणाऱ्या दोघांचेही रकाने आखलेत आणि मला विचारत होते की मोठा कफ कुठं मिळतो.